गॅस जातो कुठे?

भोसरीहून चाकणला रोज माल पोहोचवणारे एक पिकअपवाले आमच्या शेजारी राहतात. दोन उन्हाळ्यांत त्यांनी गाडीच्या एसीत चार वेळा गॅस भरून घेतला. तक्रार दर वेळी एकच : गारवा कमी आणि तोही लहरी. मोशीपर्यंत गाडी पळती असली की बरे वाटते, पण चाकणच्या तळेगाव चौकातल्या गर्दीत उभे राहावे लागले की जाळीतून कोमट वारा येऊ लागतो. रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये निदान ठरलेले होते : "गॅस संपलाय, भरून टाकू." गॅस भरला की महिना-दीड महिना बरा जाई, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

चौथ्या खेपेनंतर त्यांनी मला विचारले, "सर, डिझेल संपतं ते समजतं, ते जळतं. पण हा गॅस जातो कुठं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. हाच प्रश्न काही शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात विचारला आणि त्याच्या उत्तराने साऱ्या जगाला एक करार करायला लावला. गाडीच्या एसीतील बिघाड शोधण्याची कला आणि पृथ्वीच्या वातावरणातील बिघाड शोधण्याचे शास्त्र यांचा इतिहास एकमेकांत कसा गुंतला आहे, ते या लेखात पाहू.

गॅस खर्च होत नाही

प्रथम एसीचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता घेतो. हातावर स्पिरिट चोळले की गार वाटते ते यामुळेच. द्रव किती तापमानाला उकळेल हे त्यावरील दाबावर अवलंबून असते. वर्गात हे सहज दाखवता येते. सुई नसलेल्या प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये साधारण ६० अंशाचे थोडे गरम पाणी घ्या, आतली हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. दाब कमी होताच पाणी बुडबुडे सोडत उकळू लागते. दट्ट्या सोडला की उकळणे थांबते.

गाडीत हेच चालते, फक्त पाण्याऐवजी शून्याखालच्या तापमानाला उकळणारे शीतक द्रव्य असते. मेकॅनिक त्याला 'गॅस' म्हणतात. केबिनमधल्या कूलिंग कॉइलमध्ये कमी दाबाखाली ते उकळते आणि केबिनच्या हवेतील उष्णता घेते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ही वाफ ओढून दाबतो. दाबलेली वाफ तापते, जसा सायकलचा पंप हवा भरताना तापतो. ही तापलेली वाफ गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये जाते, बाहेरच्या वाऱ्याला उष्णता देते आणि पुन्हा द्रव होते. तेथून ती ड्रायरमधून आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून परत कॉइलमध्ये येते. जो द्रव गेला तोच परत आला. या फेऱ्यात काहीही जळत नाही की खर्च होत नाही. गॅस कमी झाला असेल तर तो बाहेर गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. घरच्या फ्रीजमध्ये मोटार आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी डब्यात बंद असतात आणि नळ्या झाळलेल्या असतात. गाडीत तसे करता येत नाही. कॉम्प्रेसरचा दांडा पट्ट्याने फिरवायचा तर तो बाहेर काढावा लागतो आणि तेथे सील लागते. इंजिन हादरते म्हणून काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात आणि जोडांमध्ये रबराच्या ओ-रिंगा बसवाव्या लागतात. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या गाडीतूनही वर्षाला साधारण दहा-वीस ग्रॅम गॅस झिरपतो. लहान गाडीत एकूण गॅस अर्ध्या किलोच्या आसपास असतो. म्हणजे झिरपण्यामुळे गारवा जाणवण्याइतका कमी व्हायला बरीच वर्षे लागावीत. महिन्या-दीड महिन्यात एसी बसत असेल, तर ते झिरपणे नसून भोक आहे.

मोटार कंपनीत जन्मलेले द्रव्य

गेल्या शतकाच्या आरंभी शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथिल क्लोराइड वापरले जाई. ही द्रव्ये विषारी होती आणि काही पेटही घेत. घरात ठेवायच्या फ्रीजमधून ती गळली तर जिवावर बेतत असे. अमेरिकेतील जनरल मोटर्स या मोटार कंपनीचाच फ्रिजिडेअर नावाचा फ्रीजचा धंदा होता. तिने १९२८ साली थॉमस मिजली या रसायनतज्ज्ञाकडे निर्धोक द्रव्य शोधण्याचे काम सोपवले. मिजली आणि आल्बर्ट हेन यांनी आवर्तसारणी समोर ठेवून विचार केला आणि फ्लोरिनच्या संयुगांकडे वळले. बेल्जियमच्या फ्रेडेरिक स्वार्ट्‌स यांनी अशी संयुगे १८९० च्या दशकातच बनवली होती. त्यातूनच डायक्लोरोडायफ्लोरोमिथेन, म्हणजे आर-१२ किंवा फ्रिऑन-१२, हे शीतक पुढे आले. ते उणे ३० अंशाच्या सुमारास उकळते, जळत नाही आणि विषारी नाही. १९३० साली अमेरिकन रसायन संस्थेच्या सभेत मिजली यांनी ते छातीत ओढून घेतले आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. एका फुंकरीत दोन्ही गुण सिद्ध झाले.

त्या काळातल्या प्रश्नाला हे उत्तर अचूकच होते. माणसाला अपाय होतो का, आग लागते का, एवढेच विचारले गेले होते. हे द्रव्य हवेत गेल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

पॅकार्ड कंपनीने १९४० सालच्या मॉडेलमध्ये पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवून दिला. त्याची यंत्रणा डिकीत होती. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा क्लचच नव्हता. त्यामुळे एसी नको असेल तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! क्लच असलेली आणि सारे भाग गाडीच्या पुढच्या बाजूस सामावलेली यंत्रणा नॅश कंपनीने १९५४ साली आणली. आजच्या गाड्यांतील मांडणी मुळात तीच आहे.

हिरवी ज्योत

आर-१२ च्या काळात बिघाड शोधण्याची काही सोपी साधने होती. ड्रायरवर काचेची लहान खिडकी असे. इंजिन चालू ठेवून तिच्यात पाहायचे : बुडबुडे दिसले तर गॅस कमी, स्वच्छ दिसले तर ठीक. दुसरे साधन म्हणजे दोन घड्याळ्यांचे गेज. एक कमी दाबाच्या बाजूला आणि एक जास्त दाबाच्या बाजूला जोडायचे.

गळती शोधायला हॅलाइड दिवा होता. या दिव्याच्या ज्योतीत तांब्याची पट्टी तापलेली असते आणि त्याला एक लांब नळी जोडलेली असते. नळीचे टोक एसीच्या जोडांवरून फिरवायचे. एखाद्या जोडातून गॅस सुटत असेल तर तो नळीतून ज्योतीत ओढला जाई, त्यातल्या क्लोरिनचा तांब्याशी संयोग होई आणि निळसर ज्योत हिरवी होई. रसायनशास्त्राच्या शिक्षकांना यात बाइलस्टाइन चाचणी ओळखू येईल. हा दिवा अगदी निर्धोक नव्हता, कारण ज्योतीत फॉस्जिनसारखे विषारी वायू तयार होत. पण तो स्वस्त होता आणि त्याचे उत्तर डोळ्यांना दिसे.

तरीही गळती शोधण्यापेक्षा गॅस भरणे नेहमीच सोपे वाटे. आर-१२ स्वस्त होते, निरुपद्रवी समजले जात होते आणि भरायला थोडाच वेळ लागे. जोड उघडायचा तर आतला उरलेला गॅस खुशाल हवेत सोडला जाई. 'गारवा कमी म्हणजे गॅस भरा' ही सवय त्या काळात जगभर रुजली. ती अज्ञानातून आली असे म्हणता येणार नाही. त्या वेळचे ज्ञान तेवढेच होते.

पिंपरीच्या गाड्या

आपल्याकडे टेल्कोचा पिंपरीचा कारखाना १९६६ पासून उभा राहू लागला. तेथील मुख्य उत्पादन मालवाहू गाड्यांचे, आणि त्यांच्या केबिनमध्ये वारा यायचा तो खिडकीतून. १९८८ साली येथून टाटामोबाइल ही पिकअप बाहेर पडली. त्या पिकअपच्याच सांगाड्यावर १९९१ साली सिएरा तयार झाली. तिच्यात विजेवर सरकणाऱ्या काचा आणि एसी होता, आणि त्याचे तेव्हा केवढे अप्रूप होते! १९९५ साली टेल्कोच्याच आवारात मर्सिडीज गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि १९९८ साली इंडिका आली. पुढे नाशिक रस्त्यावर चाकणचा पट्टा वाढला. २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि महिंद्र यांचे कारखाने तेथे सुरू झाले. कुरुळी गावाच्या शिवारात गाड्यांच्या एसीचे भाग बनवणारे कारखानेही आले. एके काळी ज्या पट्ट्यात एसी ही नवलाईची गोष्ट होती, तेथेच एसी बनू लागले.

आपल्याकडे गाड्यांच्या एसीचा प्रसार सुरू झाला तोच नेमका आर-१२ जाण्याच्या वेळी. त्यामागची गोष्ट अशी.

पृथ्वीच्या गळतीचा शोध

जेम्स लव्हलॉक या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९५७ साली इलेक्ट्रॉन पकडणारा एक शोधक बनवला. हवेच्या अब्जावधी कणांत एखादाच क्लोरिनयुक्त कण असला तरी तो या शोधकाला कळे. १९७१ साली इंग्लंडहून अंटार्क्टिकाकडे निघालेल्या एका जहाजावर लव्हलॉक तो घेऊन गेले. मिजलींच्या द्रव्याचे भावंड असलेले सीएफसी-११ त्यांना उत्तर आणि दक्षिण अटलांटिकवर सगळीकडे आढळले, जेथे ना कारखाना ना गॅरेज. लव्हलॉक यांना त्यात धोका वाटला नाही. हवेचे प्रवाह अभ्यासायला बरी खूण मिळाली, एवढेच त्यांनी मानले.

या नोंदींवरून शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी पुढचा प्रश्न विचारला : हवेत साठलेल्या या द्रव्याचे शेवटी होते काय? खाली ते कशानेच मोडत नाही, म्हणून ते वर जात राहते. स्थितांबरात प्रखर अतिनील किरणांनी ते फुटते आणि क्लोरिनचा अणू सुटतो. हा एक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडू शकतो. १९७४ साली हा निबंध 'नेचर'मध्ये आला. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोन वसंत ऋतूत झपाट्याने घटत असल्याचे ब्रिटिश निरीक्षकांनी जाहीर केले. पुढे १९९५ साली मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्‌झेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या क्लोरिनमुळे गॅरेजमधली ज्योत हिरवी होत होती, तोच हा क्लोरिन.

या कथेत एक भारतीय अभियंताही आहे. वीरभद्रन रामनाथन हे तरुणपणी सिकंदराबादच्या एका फ्रीजच्या कारखान्यात नोकरीला होते. फ्रीजमधून शीतक इतक्या लवकर का निसटते हे शोधणे हे त्यांचे काम होते. कंटाळून ते पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला गेले आणि वातावरणाच्या अभ्यासाकडे वळले. सीएफसीच्या ओझोनवरील परिणामाची चर्चा सुरू होताच जुनी ओळख कामी आली. ही द्रव्ये उष्णताही अडवतात आणि एकेक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पटींनी परिणाम करतो, हे त्यांनी १९७५ साली दाखवून दिले. कारखान्यात कंटाळवाणा वाटणारा गळतीचा प्रश्न आभाळाएवढा निघाला!

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला. भारतात १ जानेवारी २००३ पासून नव्या फ्रीज-एसीत सीएफसी वापरण्यास बंदी आली आणि १ ऑगस्ट २००८ रोजी, ठरल्या मुदतीच्या आधीच, त्यांचे उत्पादन थांबले. औषधी फवाऱ्यांसारखे थोडे अपवाद काही काळ राहिले. ओझोनचा थर आता हळूहळू सावरतो आहे.

नवा गॅस, जुनी सवय

आर-१२ च्या जागी आर-१३४ए आले. त्यात क्लोरिन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. पण मेकॅनिकच्या दृष्टीने पाहिले तर त्याची जुनी साधने एका फटक्यात निकामी झाली. क्लोरिनच नाही तर ज्योत हिरवी कशी होणार? काचेच्या खिडकीतील बुडबुड्यांवरून नव्या गॅसचा अंदाज चुकू लागला, म्हणून बहुतेक गाड्यांतून ती खिडकीही गेली. जुने खनिज तेल या गॅसमध्ये विरघळत नाही. त्यामुळे जुन्या गाडीत तेल न बदलता नुसता नवा गॅस भरला तर तेल फिरत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. नव्या गॅसचे रेणू लहान, ते साध्या रबरातून झिरपतात. म्हणून आतून नायलॉनचा थर असलेले होजपाइप आले. कडक उन्हात त्याचा दाबही जास्त चढतो, म्हणून अधिक कार्यक्षम कंडेन्सर लागले.

साधने बदलली, भाग बदलले, पण 'गॅस भरा' ही सवय तशीच राहिली. आता तिची किंमत वेगळी आहे. एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवते. मुलांना हे गणित करायला द्यावे : अर्धा किलो गॅस हवेत गेला तर ७०० किलो. एक लिटर डिझेल जळून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे एकदा भरलेला गॅस गळून जाणे हे साधारण २६० लिटर डिझेल जाळण्यासारखे आहे. लिटरला १२ किलोमीटर धरले तर पिकअप तेवढ्यात पुण्याहून कन्याकुमारीला जाऊन परत येईल. शेजाऱ्यांनी वरून भरलेला चार वेळचा गॅस मिळून अर्धा किलोच धरला, तरी ही एक अदृश्य फेरी झालीच होती.

म्हणूनच २०१६ साली रवांडातील किगाली येथे माँट्रियल करारात दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ साली मान्य केली. त्यानुसार आपल्याला या गटातील द्रव्यांचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींमध्ये आर-१३४ए चालत नाही. तेथे प्रामुख्याने आर-१२३४वायएफ आहे, जे हवेत काही दिवसांतच मोडते, पण महाग आहे आणि थोडे ज्वलनशीलही.

पुन्हा ती पिकअप

आता शेजाऱ्यांच्या गाडीकडे येऊ. पाचव्या वेळी गाडी एका जाणत्या मेकॅनिककडे नेली. मीही बरोबर गेलो. त्यांनी आधी गेज लावले. आर-१३४ए असलेल्या गाडीत उन्हाळ्यात कमी दाबाची बाजू तीस-चाळीस पौंडांच्या आसपास आणि जास्त दाबाची दोनशेच्या थोडी वर असावी. येथे दोन्ही काटे खाली होते, म्हणजे गॅस खरोखरच कमी होता. दोन्ही काटे वर असते तर कंडेन्सरला वारा मिळत नाही, किंवा गॅस जास्त झाला आहे, किंवा आत हवा शिरली आहे, असे समजले असते. कमी दाबाचा काटा वर आणि जास्त दाबाचा खाली असता तर कॉम्प्रेसर थकला आहे असे. आधी गार आणि काही वेळाने बंद, असे आवर्तन असते तर आतले पाणी व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठते आहे असा संशय घेता आला असता.

गॅस कमी आहे हे कळल्यावर त्यांनी भरला नाही. उरलेला गॅस यंत्राने बाटलीत काढून घेतला, नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरला आणि जोडांना साबणाचा फेस लावला. कंडेन्सरच्या एका जोडाशी आधीच तेलकट डाग होता. तेथेच बुडबुडे फुगू लागले. सायकलचे पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात बुडवतात तीच ही युक्ती. ओ-रिंग बदलली, व्हॅक्यूम पंपाने हवा आणि ओल काढली आणि कंपनीने बॉनेटखाली लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरला. तोलून भरणे महत्त्वाचे, कारण जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा नव्हे. जादा द्रव कंडेन्सरमध्ये जागा अडवतो, दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो.

गाडी फिरवून पाहिली, गार होती. उभी केली, तर पाच-सात मिनिटांत पुन्हा कोमट! आता मात्र जास्त दाबाचा काटा तीनशेच्या वर चढत होता आणि दाबाच्या स्विचमुळे कॉम्प्रेसर बंद पडत होता. मेकॅनिकने कंडेन्सरवर बादलीभर पाणी ओतले. काटा झरकन खाली आला. कंडेन्सरपुढचा विजेचा पंखाच बंद होता. गाडी पळताना वारा आपोआप मिळे, चौकात उभी राहिली की मिळत नसे. गॅस कमी असताना दाब एवढा चढतच नव्हता, म्हणून हा दोष पहिल्या दोषामागे झाकला गेला होता. शिवाय गॅस भरला की पंखा नसल्याने दाब चढे आणि तो दाब त्याच अशक्त जोडावर ताण देत असे. दोन दोष एकमेकांना पोसत होते आणि प्रत्येक वेळी औषध एकच दिले जात होते.

पंख्याची मोटार बदलून झाल्यावर शेजारी म्हणाले, "म्हणजे चार वेळचा गॅस हवेतच गेला की!" मी होय म्हटले.

२०२३ साली निघालेल्या अधिसूचनेनुसार २०२५ पासून नव्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. लहान पिकअप त्यात येत नसल्या तरी त्यांच्यातही एसी वाढत आहेत. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली दहा-दहा तास बसणाऱ्या चालकाला गारवा मिळावा यात दुमत नाही. हे एसी दुरुस्त करणारी मुले आज आपल्याच शाळांत आठवी-नववीत बसली आहेत. दाब आणि उत्कलनबिंदू यांचा धडा शिकवताना सिरिंजचा प्रयोग करावा, पंक्चरच्या दुकानातला साबणाचा फेस दाखवावा आणि पिकअपवाल्यांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा : न जळणारा गॅस संपला, तर तो गेला कुठे? हा प्रश्न विचारायची सवय लागलेला मुलगा उद्या गॅसच्या नळकांड्याला हात घालण्याआधी गेज जोडेल.